दादाला रामेन खायला नेलं

या ब्लॉगवर मी सहसा एका दिवसात जाऊन येण्यासारख्या जागांबद्दल लिहिते. ही सहल दोन दिवसांची झाली, पण अंतर म्हणाल तर काहीच नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, आणि तिन्हीकडे एकच पदार्थ: रामेन. म्हणजे गरम सुपातल्या जपानी शेवया, वर अंडं, कांद्याची पात आणि जे काय असेल ते.

कारण असं. माझी भाची प्रणाली नर्सिंग शिकली, वर्षभर जपानी भाषेचा क्लास केला आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात तिची निवड झाली. करार सोमवारपर्यंत सही करून पाठवायचा होता. माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचे वडील, पंधरा दिवस हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. वहिनी गेल्यापासून बदलापूरच्या घरात हे दोघंच. पंधरा दिवसांत त्याने फक्त एक प्रश्न विचारला होता, "तिकडं लोक खातात काय?"

प्रणालीने मला फोन केला. "आत्या, पप्पांना एकदा काहीतरी खाऊ घालूया तिकडचं. म्हणजे बोलतील तरी." गाडी माझ्याकडे आहे आणि शनिवार-रविवार मला सुट्टी असते. ठरलं.

शनिवारी दोघं माझ्याकडे उल्हासनगरला आले. पाकिटातलं रामेन घ्यायचं तर इथल्या बाजारासारखी जागा नाही. परदेशी चॉकलेटं, बिस्किटं, सॉस विकणारी दुकानं एका ओळीत आहेत. गाडी मात्र घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही. आम्ही रिक्षाने गेलो. दुकानदार साठीचे सिंधी गृहस्थ होते. प्रणालीने लाल रंगाचं कोरियन पाकीट उचललं तसं त्यांनी ते तिच्या हातातून काढून परत फळीवर ठेवलं.

"ये नहीं बेटा, ये सिर्फ वीडियो बनाने के लिए है. खानेवाला चाहिए ना? कौन खाएगा?"

"पप्पा खातील," ती म्हणाली.

त्यांनी दादाकडे एकदा नीट पाहिलं. "साईं के लिए ये लो. सोया वाला, सादा." एक पाकीट दीडशेच्या आसपास पडलं. आम्ही तीन घेतली. त्याहून महागही होती, पण "पहले ये खाओ, फिर आना," असं तेच म्हणाले.

घरी प्रणालीने रामेन केलं. शेवया मऊ होऊ द्यायच्या नाहीत म्हणून घड्याळ लावलं, अंडी उकडली, पात चिरली. दादाने चमच्याने शेवया तोडून तोडून खाल्ल्या आणि वाटीतलं पाणीही शेवटपर्यंत संपवलं. मग रिकामं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"मीठ जास्त आहे," तो म्हणाला. "रोज हेच?"

"नाही हो पप्पा. भात असतो. मासे असतात."

"भात असतो," दादाने पुन्हा म्हटलं आणि टीव्ही लावला. पहिला दिवस संपला.

रविवारी सकाळी अकराला निघालो. कल्याण-बदलापूर रस्त्याला रविवारीही गर्दी असते, घाई ठेवू नका. अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या बाजूला वळलो की दोन्हीकडे टॉवर उभे राहतायत, आणि मधेच एखादं कापणी झालेलं भाताचं शेत, त्यात चरणाऱ्या दोन म्हशी. दादा खिडकीतून बघत होता. त्याच्याबरोबर कामाला असलेल्या एकाचं घर इथे होतं म्हणे, पण ते नेमकं कुठे होतं हे त्याला काही सांगता आलं नाही.

एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या कॅफेत रामेन मिळतं असं प्रणालीने शोधून ठेवलं होतं. मेनूकार्डावर चार प्रकार होते, पनीर रामेन, शेजवान रामेन वगैरे. ऑर्डर घ्यायला आलेली मुलगी म्हणाली, "पनीरवाला जास्त चालतो. तिखट कमी करून देऊ का अंकलसाठी?" अडीचशे रुपयांत वाटी मोठी आली. रस्सा दाट, लालसर, वर भाजलेलं पनीर आणि कोथिंबीर. चव वाईट नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "अरे, ये तो मंचाव सूप में नूडल्स डाल दिया है." तो म्हणाला, "तो क्या हुआ, अच्छा है ना?" मला दोघांचंही पटलं. ज्यांना जायचंय त्यांनी भूक असेल तेव्हा जावं, जपान बघायला जाऊ नये.

दादाने अन्न टाकायचं नाही म्हणून सगळं संपवलं. प्रणालीने अर्धं ठेवलं. मी त्याकडे फार लक्ष दिलं नाही, द्यायला हवं होतं.

तिसरी जागा बदलापूरच्या पुढे, चामटोलीच्या अलीकडे रस्त्यालगत आहे. एक गाळा, चार टेबलं, मागे स्वयंपाकघर. चालवणारे सुधीर चामटोलीचेच, शेतकऱ्याच्या घरातले, पंचेचाळिशीचे असतील. सहा वर्षं जपानमध्ये एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात होते. रविवारी दुपारीही उघडं असतं, एरवी फक्त संध्याकाळी. चिकनच्या वाटीला साडेतीनशे रुपये. जायच्या आधी फोन करा, रस्सा संपला की ते सरळ दार लावून घेतात.

आम्ही दोनच वाट्या मागवल्या, पोटं भरलेली होती. ही वाटी वेगळी. रस्सा दुधाळ, पातळ दिसणारा, पण ओठांना चिकटणारा. शेवया दाताखाली कळत होत्या. कोंबडीची हाडं पहाटेपासून उकळत ठेवतात असं सुधीर म्हणाले. दादाने पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई पाया करायची."

"हो," मी म्हटलं. बकऱ्याच्या पायांच्या त्या रश्श्यासारखंच लागत होतं, फक्त मसाला नाही.

मग त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. कारखान्यातल्या कुठल्या तरी फॉर्मची मागची कोरी बाजू होती. त्यावर पेनाने ओळीने प्रश्न लिहिलेले. "तुम्हाला वेळ आहे का थोडा?" त्याने सुधीरना विचारलं.

"बोला ना, बसतो," सुधीर खुर्ची ओढून बसले.

दादाने कागद बघून एकेक विचारलं. आजारी पडलं तर डॉक्टरकडे कोण नेतं? पगार हातात येतो का दुसऱ्याच्या? खोलीला आतून कडी असते का? भाषा आली नाही तर ओरडतात का? बाईमाणसाला एकटं बाहेर जाता येतं का? सुट्टीच्या दिवशी लोक काय करतात? बुद्धविहार असतात का?

सुधीरनी एकही प्रश्न हसण्यावारी नेला नाही. "पगार बँकेत येतो, आपल्या नावावर. बाया एकट्या फिरतात, भीती नाय. विहार लय हायेत. ओरडतात, कामावर ओरडतात, खोटं कशाला बोलू? पयले चार महिने मी रोज रडलो. मोठा घोडा झालो व्हतो तरी. मंग सवय झाली. आजारी पडलो तवा शेजारची म्हातारी पेज घेऊन आलेली. पण ते माझं नशीब. सगळ्यांना मिळंल असा सांगत नाय."

"आणि परत का आलात?" हा प्रश्न कागदावर नव्हता.

"बाप पडला शेतात. मंग आलो." उठता उठता म्हणाले, "पण गेलो त्याचं वाईट नाय वाटत."

ते आत गेले. दादा कागदाची घडी घालत होता, आणि प्रणालीची वाटी अजून भरलेली होती. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"पप्पा, तुम्ही नाही म्हणा ना."

"काय?"

"जाऊ नको म्हणा. एकदा म्हणा फक्त. मी क्लासमध्ये सांगीन, घरून नाही म्हणाले." ती रडत नव्हती, भरभर बोलत होती. "मला भीती वाटते. तुम्ही इथे एकटे, मी तिथे एकटी. सगळ्यांना वाटतं, तुम्ही मला अडवताय. मीच वाट बघतेय तुम्ही अडवायची."

पंधरा दिवस मीही तेच समजत होते, की दादाच अडून बसलाय. फोनवर त्याला दोनदा ऐकवलंही होतं.

दादाने कागद पुन्हा खिशात ठेवला. मग म्हणाला, "मी हो म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, बापाला मी घरात नको. म्हणून गप्प होतो." त्याने तिची वाटी तिच्याकडे सरकवली. "नाही गेलीस तरी चालेल, घर तुझंच आहे. गेलीस तरी चालेल, मला भात करता येतो. पण नाही म्हणायचं असेल तर तुझं तू म्हण. माझ्या नावावर टाकू नकोस."

"आणि गेल्यावर नाही जमलं तर?"

"तर ये परत. हा आलाच ना." त्याने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

तिने थोडं खाल्लं, मग जमेना. उरलेलं दादाने संपवलं. मी पैसे दिले. सुधीरनी प्रणालीला एवढंच सांगितलं, "तिकडं गेलीस तर गरम कपडे तिथंच घे, इथले काय कामाचे नाय."

दोघांना बदलापूरला सोडलं. प्रणाली पुढे जिन्याकडे गेली. दादा गाडीतच बसून राहिला. म्हणाला, "हिची आई असती तर हे दुसऱ्याच दिवशी बोलून मोकळी झाली असती. मला पंधरा दिवस लागले." मग उतरला.

तुम्ही ही सहल करणार असाल तर माझं मत देते. पाकीट घरी करून बघायला हरकत नाही, कॅफे वाटेत असेल तर ठीक, आणि चामटोलीच्या अलीकडची ती वाटी वाकडी वाट करून खाण्यासारखी आहे. चव मला आता नीट आठवत नाही. दादाचं तिरकं अक्षर आठवतं, आणि कडीचा प्रश्न, ज्याच्याखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तो बोलत नाही म्हणजे त्याच्याजवळ बोलायला काही नाही.

सोमवारी दुपारी प्रणालीचा मेसेज आला, "पाठवला करार." मी लगेच दादाला फोन लावला. तो कामावर होता, मागे मशीन चालू होतं.

"तुला कळलं का?"

"सकाळी चहा पिताना सही केली तिने. माझ्यासमोर."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बरं केलंस."

मशीनचा आवाज येत राहिला. फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.