मार्लिसच्या पानावर नसलेला वेंडेल

बटाटे अर्धे सोलून झाले होते आणि मार्लिस एन्गेब्रेट्सन ओल्या हातांनी टीव्हीसमोर उभी होती. पडद्यावरच्या हॅन्लनने कॉफीचा मग डाव्या हातात धरला होता. मघाशी तो उजव्या हातात होता.

"गॉर्डी, पाहिलंस?"

नवऱ्याने पेपरातून मान वर केली नाही. "पाहिलं. आता त्याला तुरुंगात टाकणार, की आधी आपण जेवायचं?"

'हॅन्लन अँड डॉटर' ही हार्डवेअरच्या दुकानातली विनोदी मालिका बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण टू हार्बर्स गावात मार्लिसच्या घरी ती रोज चालूच असते. चाहत्यांनी मिळून इंटरनेटवर तिचा एक कोश केला आहे. प्रत्येक भागाला एक पान, आणि बहुतेक पानं मार्लिसच्या हातची. कोण कुठल्या दारातून आलं, कुणाचा टाय कुठल्या रंगाचा, केक कुणाच्या मांडीवर पडला. देवाने तिला नजर दिली खरी, पण ती कुठे वापरायची हे सांगायचं राहून गेलेलं दिसतं. चर्चमधल्या जेवणाच्या भागाचं पान तर तिचं लाडकं. त्याच्या तळाशी तिने लिहिलं होतं : 'या भागातलं काहीही सुटलेलं नाही.'

घोळ झाला तो त्याच पानावरून. मार्लिसचा थोरला भाऊ वेंडेल तरुणपणी बायकोला घेऊन कॅलिफोर्नियाला गेला होता. तिथे त्यांचा एक चुलतभाऊ या मालिकेच्या स्टुडिओत सुतार होता. त्या जेवणाच्या प्रसंगात एक खुर्ची रिकामी राहत होती, म्हणून वेंडेलला तिथे बसवलं. मग जन्मभर त्याने ही गोष्ट प्रत्येक बारशाला, लग्नाला आणि दोनदा मयतालाही सांगितली. आता तो नाही. आणि त्या दिवशी, रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चमध्ये कॉफी पिताना गावातल्या लोर्ना हॉगनने फोनवर ते पान उघडलं. "अगं आर्डिस, इथे वेंडेलचं नाव कुठे आहे? मार्लिसच्या नजरेतून तर काही सुटत नाही म्हणे!" सगळे हसले. वेंडेलची बायको आर्डिस कप तसाच ठेवून उठली आणि घरून काहीतरी पर्समध्ये टाकून मार्लिसच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"माझा नवरा थापाड्या होता का गं?"

"वहिनी, असं मी कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीस, तेच तर! गावाने त्याला खोटं ठरवलं, ते तुझ्या पानावरून."

"त्या टेबलाशी बसलेला प्रत्येक माणूस मी रस्त्यात ओळखेन. त्यात वेंडेल नाही. सख्खा भाऊ मला ओळखू येणार नाही का?"

"दाढी ठेवली तेव्हा त्याला कुठे ओळखलंस?"

"तेव्हा अंधार होता!"

"एक ओळ घालायला तुझं काय जातं?"

"जे दिसलं नाही ते लिहिलं, तर जे दिसलं त्यावर कोण विश्वास ठेवील?" मार्लिसचा आवाज खाली आला. भावाला त्या टेबलाशी तिच्याइतकं कुणीच शोधलं नव्हतं.

आर्डिसने पर्समधून एक व्हिडिओ कॅसेट काढली. वर वेंडेलच्या अक्षरात एकच शब्द होता : 'मी'. भाग पहिल्यांदा लागला त्या दिवशी त्याने तो टेप केला होता. ती कॅसेट तो कधी कुणाला दाखवत नसे, आणि तो गेल्यापासून आर्डिसला ती लावायचा धीर झाला नव्हता.

गॉर्डीने तळघरातून जुनं मशीन आणलं. ते कुरकुरत सुरू झालं आणि मार्लिस पुढचं सांगू लागली. "आता केक पडेल. आता मुलगी हसेल. आता जाहिरात."

जाहिरात आलीच नाही. हॅन्लन उठून कॉफीच्या मोठ्या भांड्याकडे गेला आणि कॉफीतून कपाचा तळ दिसतो म्हणून कुरकुरला. मार्लिस खुर्चीतून उठली. हा प्रसंग तिने जन्मात पाहिला नव्हता.

"हे कुठून आलं?" गॉर्डीने पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.

जाहिराती जास्त बसाव्यात म्हणून जुन्या मालिका पुन्हा दाखवताना कापतात. कोशावरच्या नवख्यांना मार्लिसच हे बजावायची. आपल्या लाडक्या भागालाही कात्री लागली असेल, हे मात्र तिच्या मनात आलं नव्हतं.

आणि भांड्यामागे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, तपकिरी जाकिटात, वेंडेल होता. एक लेमन बार, ती लिंबाची चिकट वडी, तोंडात. दुसरा त्याने इकडेतिकडे बघत खिशात सरकवला.

"वेंडेलच," मार्लिस म्हणाली आणि एप्रनला डोळे पुसले.

"त्या खिशाचा डाग मी आठवडाभर घासत होते!" आर्डिस ओरडली. "मला म्हणाला, सुताराकडचा रंग लागला!" मग ती रडता रडता हसायला लागली. "परत लाव."

परत परत लावून झाल्यावर मार्लिस कॉम्प्युटरपाशी बसली. तळाची ती ऐटबाज ओळ तिने आधी पुसली. हे पान कापलेल्या भागावरून केलं होतं, चूक माझी, असं लिहिलं. मग भावाचं नाव घातलं.

"खिशातलं नको लिहूस गं, चारचौघांत शोभा होईल," आर्डिस म्हणाली.

"ते तर लिहिणारच. त्यावरूनच तर तो ओळखू येतो."

आर्डिसने तिथूनच लोर्नाला फोन लावला. "ते पान उघड. आता मोठ्याने वाच." आणि दोनदा वाचून घेतलं.

"म्हणजे बाकीची पानंही कापलेल्या भागांवरूनच?" गॉर्डीने भीत भीत विचारलं.

"सगळीच."

"घरी खोकाभर टेप आहेत," आर्डिस म्हणाली. "पुन्हा बोलावतील या आशेने तो पुढचेही भाग टेप करत बसला होता."

गॉर्डीने डोळे मिटून देवाकडे बळ मागितलं. मशीनमधला पट्टा आता घसरत होता आणि चित्र थरथरत होतं. सोमवारी सकाळी मार्लिसला नवा पट्टा आणायला ड्युलुथ शहरात जायचं होतं.