कोणता सोडा?

लाँड्रीत दोघी जावा कामाला होत्या. थोरली मशीनवर, धाकटी हौदावर. थोरलीला एक नाद होता. फोनवर एका ठिकाणी विज्ञानाचे प्रश्न टाकायचे. पलीकडून जाणकार माणसं उत्तरं द्यायची. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, खळीने कापड ताठ का होतं, असलं काहीबाही. मालक चिडवायचे, "या, प्रोफेसरबाई!"

त्या सकाळी हॉटेलच्या तेलकट चादरी आल्या. मालकांनी नवं पोतं फोडलं. वरची चिठ्ठी कधीच निघून गेली होती. "सोडाच आहे. दोन डबे टाका," म्हणत ते काउंटरवर गेले.

थोरलीने फोन काढला. तेलकट डागांना सोडा किती घालावा?

उत्तराऐवजी प्रश्नच आला. "कोणता सोडा? खाण्याचा, धुण्याचा की कॉस्टिक? दिसतो कसा?"

ती चपापली. त्यांच्याकडे सोडा म्हणजे सोडा. पोत्यात पांढरे पापुद्रे होते, आणि खाली सांडलेल्यांना पाणी सुटलं होतं. तिने तसंच लिहिलं.

"कॉस्टिक असावा, कातडी जाळतो. हात लावू नका. लागला तर निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा."

"धाकटे, थांब!"

धाकटीने दोन डबे कधीच ओतले होते आणि तिचा हात मनगटापर्यंत हौदात होता. "काय झालं? पाणी आपोआप कोमट झालंय, बरंच आहे की."

थोरलीने तिला ओढतच नळाखाली नेलं.

"अहो जाऊबाई, सोडा की!"

"त्या सोड्यानेच घात केलाय. गप उभी राहा."

मालक धावत आले. "चादरी दुपारी द्यायच्यात! हे फोनचं खूळ आत्ता कशाला?"

"हा धुण्याचा सोडा नाही, मालक."

"तुला काय कळतं?" म्हणत त्यांनी पोत्याकडे बोट नेलं.

"हात लावू नका!" ती इतकी जोरात ओरडली, की त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"बुळबुळीत लागतंय," धाकटी पुटपुटली. "साबण लावल्यासारखं."

"तुझ्या कातडीचाच साबण होतोय, म्हणूनच धुतेय."

थोड्या वेळाने धाकटी कण्हली. "आता चुरचुरतंय हो."

थोरलीची नजर घड्याळावर होती. कातडी लाल झाली होती, पण फाटली नव्हती. मालक पोत्यापासून लांब उभे राहून विकणाऱ्याला फोन लावत होते. पंधरा मिनिटं झाली.

"गारठले मी. पुरे आता."

"अजून पाच," थोरली म्हणाली आणि तिने मनगट घट्ट धरलं.