भावोजींचा क्रॉन

जगात जे जे वेळेवर होत नाही, ते केवळ माणसांवर सोपवल्यामुळे होत नाही, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच गृहस्थ मी पाहिला आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. भावोजी महाडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत. तिथल्या लिनक्स प्रणालीवर त्यांना क्रॉन नावाचा प्रोग्राम सापडला आणि ते त्याचे भक्तच झाले. फाईलमध्ये एक ओळ लिहायची, मिनिट, तास, तारीख, महिना, वार आणि पुढे काम. मग तुम्ही असा नसा, ते काम ठरल्या वेळी होणारच. "एकदा लिहायचं आणि विसरून जायचं!" असं ते सांगत तेव्हा चेहरा नुकतंच देवदर्शन करून आल्यासारखा दिसे. एका लग्नात मुहूर्त टळू लागला तेव्हा भटजींना म्हणाले, "क्रॉनवर टाकलं असतं तर एव्हाना अक्षता पडल्या असत्या." भटजींनी त्यांना जेवणाच्या पंगतीकडे पिटाळलं.

पोलादपूरच्या घरीही त्यांनी जुना कॉम्प्युटर आणून मांडला. त्यांची आई डोंगरावरच्या वाडीतून खाली राहायला आली होती, तिला रक्तदाबाची गोळी दुपारी घ्यायची असे आणि ती हटकून विसरे. भावोजींनी स्वतःच्या आवाजात "आये, गोळी घे गो" असं भरून ठेवलं आणि एकच्या ठोक्याला वाजायला लावलं. पण मिनिटाच्या जागी शून्याऐवजी चांदणी पडली. चांदणी म्हणजे 'दर मिनिटाला'. दुसऱ्या दिवशी एक वाजल्यापासून स्पीकर थांबेना. "घेतली रे बाबा, किती येळा घेऊ?" म्हातारी ओरडत होती. शेवटी तिने मुलाच्या आवाजावर गोधडी टाकली. संध्याकाळी भावोजींनी चूक सुधारली आणि ताईच्या हसण्याकडे दुर्लक्ष केलं. पुढे मात्र ते सुरळीत चाललं. म्हातारीही स्पीकरला "व्हय रे" म्हणून ओ देऊ लागली.

एकदा ताई माहेरी आली होती आणि भावोजी कामासाठी पुण्याला गेले होते, तेव्हा पावसात पोलादपूरची वीज गेली ती दोन-तीन दिवस आलीच नाही. कॉम्प्युटर बंद, त्यामुळे क्रॉनही मुका. म्हातारी उंबऱ्यात चक्कर येऊन पडली. शेजारणीने फोन केला. भावोजी धावत आले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते, म्हातारी चहा पीत होती आणि गोळ्यांची पट्टी तशीच होती.

"आये, गोळ्या का घेतल्या नाहीस?"

"तू बोललाच नाय रे," ती म्हणाली. "मला वाटलं, आता नको असतील."

वीज आल्यावर भावोजींनी क्रॉनमधली ती ओळ काढून टाकली. मग रोज दुपारच्या सुट्टीत ते स्कूटरवरून महाडहून घरी यायला लागले. साहेब कुरकुरला, पेट्रोल परवडेना, ताई चिडवे, "अहो, हे सगळं मशीनवर टाका ना!" ते मान खाली घालून भात कालवत राहत. एकदा मी तिथे जेवायला होतो. म्हातारीने त्यांच्या पानात आपल्यातला माशाचा तुकडा सरकवला आणि मला सांगितलं, "आता बरं हाय. तो डबा नुसता बोलायचा, जेवायला नाय बसायचा."