आठवी 'ब'ची कंट्रोल रूम

माझ्या सासऱ्यांचा, नानांचा, देवावर, हवामान खात्यावर आणि स्वतःच्या मुलावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, काडीचाही विश्वास नाही. या जगात त्यांचा विश्वास फक्त दिव्यावर आहे, आणि तोही दिवा त्यांनी स्वतः बसवलेला असला तरच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. समोर भिंतभर पॅनेल, त्यावर शेकडो दिवे. आत कुठे काही बिनसलं की एक दिवा लाल व्हायचा, भोंगा ओरडायला लागायचा आणि नानांनी 'अ‍ॅक्सेप्ट'चं बटण दाबेपर्यंत ओरडत राहायचा. 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणजे बिघाड दुरुस्त झाला असं नव्हे. बिघाड आहे हे मी मान्य केलं, एवढंच. नाना म्हणतात, निम्मं वीज केंद्र त्या एका बटणावर चालतं, आणि माणसांना ते बटण बसवायचं राहून गेलंय.

रिटायर होऊन ते आमच्याकडे नाशिकरोडला राहायला आले आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी घराचा ताबा घेतला. पाण्याच्या टाकीला दिवा, गिझरला दिवा, मागच्या दाराच्या कडीला दिवा. संडासात कोणी असलं की हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक पिवळा दिवा लागतो. पाहुणे आत गेले की उरलेले पाहुणे बिचारे मालिका सोडून त्या दिव्याकडे बघत बसतात. शिवाय नानांचं लॉगबुक. दर दोन तासांनी घराची नोंद व्हायलाच हवी. एकदा मी ते उघडून पाहिलं तर आत लिहिलेलं, 'सून: तापमान जास्त. कारण अज्ञात. निरीक्षणाखाली.' मी त्याखाली कारण लिहिलं, पुढे त्यांच्या मुलाचं नाव लिहिलं आणि सही केली. नानांना ते फार आवडलं. घरात पहिल्यांदाच कोणीतरी कागदपत्रं नीट केली, असं ते शेजारी सांगून आले.

सकाळी मी शाळेत निघाले की दारात उभे राहून चार्ज मागणार. कंट्रोल रूममध्ये आधीच्या पाळीचा माणूस पुढच्याला सगळं समजावून दिल्याशिवाय जात नाही, मग सूनच कशी जाईल? मी चपला घालत सांगायची, "गॅस बंद. दूध फ्रिजमध्ये. भाजी झाकून ठेवलीय. नवरा झोपलाय."

"नवरा कधीपासून?"

"लग्नापासून."

"नोंद घेतली," नाना म्हणायचे, आणि खरोखर घ्यायचे.

तर असा हा माणूस माझ्या वर्गात कसा घुसला, ते सांगते. मी एकोणीस वर्षं गणित शिकवते. बरं शिकवते असा माझा समज होता, आणि तो कोणी तपासला नव्हता म्हणून टिकूनही होता. मग आमच्या शाळेत डिजिटल बोर्ड आला. तरुण सोनवणे सर त्याला बोट लावायचे की त्रिकोण गरागरा फिरायचे आणि मुलं टाळ्या वाजवायची. मी बोट लावलं की तो बंद व्हायचा. त्यातच माझ्या आठवी 'ब'चा गणिताचा निकाल घसरला. मुख्याध्यापिका मॅडमनी दिवाळीनंतर मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "सत्र संपायच्या आत संस्थेचे सेक्रेटरी साहेब तुमचा आणि सोनवणे सरांचा, दोघांचा पाठ बघतील. नाही आवडला तर जूनपासून गणित सरांकडे. तुम्ही ग्रंथालय सांभाळा." पुस्तकांवर माझा राग नाही. पण आमच्या ग्रंथालयात एकच कपाट आहे आणि त्याची किल्ली हरवलेली आहे.

मला नवीन पद्धती कळाव्यात म्हणून मॅडमनी एका प्रशिक्षणालाही धाडलं. विषय होता विद्यार्थी-केंद्रित वर्ग. शिक्षकाने कमी बोलावं आणि मुलांना बोलू द्यावं, हे तिथल्या तज्ज्ञ गृहस्थांनी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एकट्याने बोलून आम्हाला पटवलं. शेवटी त्यांनी विचारलं, "समजलं?" आम्ही ऐंशी शिक्षक एका सुरात "होऽऽ" म्हणालो आणि वहीत सह्या करून घरी आलो.

त्या दिवशी जेवताना मी नानांना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. गणित गेलं तर माझ्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. नाना भाकरी मोडत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पोरांना कळलं का नाय, ते तुला कसं कळतं?"

"मी विचारते ना. समजलं का, म्हणून."

"मग?"

"ती हो म्हणतात."

नानांनी भाकरी ताटात ठेवली. "आगं मास्तरीण, बॉयलरला विचारून कोणी विजेचा सेट चालवतं का? बरा हायस का बाबा, म्हणून? तुझ्या वर्गाला मीटरच नाय. एकोणीस वर्षं तू आंधळी गाडी हाणती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी त्यांना आणखी भाजी वाढली.

पुढच्या सोमवारी नाना शाळेत हजर. आधी त्यांनी मॅडमच्या टेबलावरची बंद पडलेली बेल दुरुस्त केली आणि मग परवानगी मागितली. दोन रविवार खपून आठवी 'ब'च्या फळ्याच्या वर त्यांनी लाकडी पाटी ठोकली. तिच्यावर एक्केचाळीस लाल दिवे, आणि बाकांखालून तारा नेऊन प्रत्येक मुलाच्या हाताशी दाराच्या बेलचं एकेक बटण. वर्गात मुलं चाळीस. एक्केचाळिसावं बटण मागच्या रिकाम्या बाकाला, 'स्पेअर' म्हणून. नियम एकच. समजलं नाही की दाबायचं, समजलं की परत दाबून दिवा विझवायचा. कुठला दिवा कुणाचा हे मुलांना कळू नये म्हणून त्यांनी दिव्यांची अदलाबदल केली आणि यादी फक्त माझ्या खणात ठेवली. "ज्याचं चुकतंय त्याचं नाव वरडायचं नसतं," ते म्हणाले. "दुरुस्त करायचं असतं."

एवढं शहाणपण असलेल्या माणसाने भोंगाही बसवावा, आणि तो थांबवायला माझ्या टेबलावर 'अ‍ॅक्सेप्ट'चं बटण, याला काय म्हणावं. पहिल्या दिवशी मी समीकरणाची दुसरी ओळ लिहिली आणि असा काही आवाज झाला की शेजारची सातवी 'अ' रांगेने मैदानात जाऊन उभी राहिली. शिपायाने मेन स्विच पाडला. मॅडम धावत आल्या, तर वर्गात नाना मला सांगत होते, "घाबरू नको, अ‍ॅक्सेप्ट दाब." भोंगा त्याच दिवशी काढला. दिवे आणि ते बटण मात्र राहिलं, आणि दिवे पुरेसे होते. चार मिनिटांत चाळीसपैकी तेहतीस लाल. कालपर्यंत मला "होऽऽ" म्हणणारी ती हीच मुलं. मी खडू ठेवून खुर्चीवर बसले.

त्यानंतर नाना रोज माझ्या तासाला मागच्या बाकावर. सोबत लॉगबुक. घरी आल्यावर वाचून दाखवायचे, 'बाई सलग अकरा मिनिटं चालू. लोड शून्य.' म्हणजे मशीन फिरतंय, वीज कोणालाच मिळत नाही. त्यांनी मला एक शिस्त लावली. प्रश्न विचारायचा, हात मागे घ्यायचे आणि बोटांवर दहा मोजायचे. तोवर तोंड उघडायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. चारपर्यंत मोजलं की मला घाम फुटायचा, सहाला उत्तर जिभेवर यायचं आणि सातला मागून नानांचा खाकरा ऐकू यायचा. पण आठ-नऊच्या सुमाराला कोणीतरी मूल हळूच बोलायचं. मग दुसरं त्याला म्हणायचं, तसं नाही रे. मग तिसरं फळ्याशी यायचं. महिन्याभरात माझ्या वर्गात इतका गोंगाट व्हायला लागला की सोनवणे सर सांत्वन करायला आले. नाना मात्र बाकावर मांडी घालून म्हणाले, "आता कुठं लोड आला."

आणि मग सेक्रेटरी साहेबांचा दिवस उजाडला. आदल्या तासाला सोनवणे सरांचे त्रिकोण फिरून झाले होते, टाळ्याही झाल्या होत्या. साहेब आणि मॅडम माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर नानांशेजारी दाटीवाटीने बसले. नानांनी रोजच्यासारखी दिव्यांची चाचणी घेतली, सगळ्यांनी बटणं दाबली, एक्केचाळीस दिवे लागले आणि विझले. मी ए अधिक बीचा वर्ग काढायला घेतला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, एकही दिवा लागेना. मी कठीण केलं, तरी नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. साहेब मान डोलवत होते. गणित वाचलं, असं मनात आलं.

नानांचं कुजबुजणं नेहमी व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जातं. "पॅनेल काळं पडलंय," ते कुजबुजले, आणि सरळ उभेच राहिले. "मास्तरीण, थांबव सेट."

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"बाईंचे सासरे," मॅडम जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"साहेब, आत्ता सगळे दिवे तपासलेत, तारा शाबूत हायेत," नाना म्हणाले. "चाळीस पोरं अन् एकालाबी शंका नाय? एकलहऱ्यात असं झालं असतं तर मी आधी जिन्याकडं पळालो असतो."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. गप्प बसायला काय जात होतं त्यांचं? मी मुलांकडे पाहिलं, तर चाळीसच्या चाळीस जणांनी हात बाकावर घट्ट बांधून ठेवलेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या शाळेत गुप्त काही राहत नाही. माझं गणित जाणार हे मुलांना कळलं होतं. मला वाचवायला ती जुनं "होऽऽ" म्हणत होती, फक्त या वेळी न बोलता.

मला तसंच पुढे रेटता आलं असतं. बेल व्हायला फार वेळ नव्हता. पण मी फळ्याकडे वळले आणि लिहिलं, ए अधिक बीचा वर्ग म्हणजे ए वर्ग अधिक बी वर्ग. साफ चूक. हात मागे घेतले आणि मोजायला लागले. दहा झाले, वीस झाले. साहेब घड्याळाकडे बघत होते, नानांनी खाकरा काढला नाही. तिसात कुठेतरी एक दिवा लागला.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ती रडकुंडीला आली होती. "बाई, ते चुकलंय. पण आम्ही ठरवलं होतं, आज कोणी दाबायचं नाही. नाहीतर तुमचं गणित काढून घेतील."

मग पाटीवर दुसरा दिवा लागला, तिसरा लागला, बघता बघता वीस-बावीस लाल झाले. मी 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं आणि त्या मुलीच्या हातात खडू दिला. तिने बाकांच्या मधल्या फरशीवर मोठा चौरस आखला आणि त्याचे चार तुकडे पाडले, एक ए वर्ग, एक बी वर्ग, आणि मधे राहिलेले दोन आयत. त्या आयतांवरून मुलांची जुंपली. एक म्हणे ते मोजायचे कशाला, दुसरा म्हणे मग काय फेकून द्यायचे? सगळा वर्ग फरशीभोवती गोळा झाला. एकेक जण बाकाशी जाऊन बटण दाबून येई, तसे दिवे विझत चालले. शेवटी एकच उरला, आणि तो काही विझेना. मी यादी काढली. मुलांची सगळी नावं संपली तरी तो दिवा सापडेना, म्हणून मागे पाहिलं, तर सेक्रेटरी साहेबांचं बोट बाकाखालच्या स्पेअर बटणावर.

"ते दोन ए बी," साहेब अवघडून म्हणाले, "मला शाळेत असतानाही कधी कळलं नव्हतं. पाठ केलं होतं. परत एकदा सांगाल का?"

मी नाही सांगितलं. त्या मुलीनेच सांगितलं, आणि साहेब गुडघ्यावर बसून ऐकत होते. जाताना ते मॅडमना म्हणाले, "गणित इथेच राहू द्या." मी कृतज्ञतेने नानांकडे वळले, तर ते लॉगबुकात 'सेक्रेटरी: दुरुस्त' असं लिहीत होते.

गणित राहिलं. सोनवणे सर आता नानांचे चेले झालेत. त्यांनी ते पॅनेल बिनतारी करून डिजिटल बोर्डावर आणलं. नानांनी कौतुक केलं आणि तार दिसत नाही म्हणून विश्वास ठेवायला नकार दिला. पण बातमी फुटायची ती फुटलीच. दिंडोरीकडच्या एका शाळेने बोलावलं, मग तिच्या पलीकडच्या शाळेने. आता नाना सोमवारी सकाळच्या एसटीने बहिणीकडे दिंडोरीला जातात आणि शनिवारी उगवतात. पिशवीत दिवे, बटणं आणि लॉगबुक. द्राक्षबागांमधल्या त्या छोट्या शाळांत ते कुठल्या कुठल्या शिक्षकांना दहा मोजायला लावतात. घरी आले की त्यांच्या चुका मला रंगवून सांगतात, आणि त्या सगळ्या माझ्याच जुन्या चुका असतात.

माझा वर्ग चांगला चाललाय. मुलं भांडतात, शिकतात, मी गप्प राहायला शिकलेय. पण एखाद्या दिवशी तास छान रंगतो आणि मी मागच्या बाकाकडे बघते, तेव्हा तिथे कोणी नसतं. तेवढ्यापुरतं फार चुकल्यासारखं होतं.

परवा दिंडोरीहून एका बाईंचा फोन आला. आवाज तरुण होता, नोकरीला वर्षही झालं नसावं. म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण तुमचे सासरे रोज माझ्या वर्गात मागे बसतात. मी बोलायला लागले की खाकरतात. काल तर मुलांसमोर म्हणाले, बाईंचा लोड शून्य. मला रात्रभर झोप नाही. त्यांना तुम्ही काही सांगाल का?"

मी म्हटलं, "सांगते. पण अजून थोडे दिवस बसू द्या त्यांना."

फोन ठेवला आणि मला त्या बाईंचा हेवा वाटला.