दोन नंबर वॉर्डचे देवरावभाऊ

देवरावभाऊ भगत एसी दुरुस्त करायला आले की आधी चपला वॉर्डाबाहेर काढत. तो काही देव्हारा नव्हता. उमरखेडच्या आमच्या वीस खाटांच्या खाजगी दवाखान्यातला तो दोन नंबरचा, सहा खाटांचा वॉर्ड होता आणि तिथली फरशी दिवसातून चारदा फिनाईलने पुसली तरी ओकारीचा वास जात नसे. मी म्हणायची, "चपला राहू द्या हो, पायाला काही लागेल." ते म्हणत, "लोकं निजून हायेत ना सिस्टर." मग भिंतीतल्या एसीखाली उभे राहून, पिशवीही न उघडता, विचारत, "कवा बंद पडला?"

पहिल्या भेटीत मी त्यांना कारण सांगायला गेले होते. गॅस गेला असेल, लाइट कमीजास्त होते, वगैरे. त्यांनी हात वर केला. "कायले बंद पडला ते मी पाह्यतो. तुमी फक्त कवा बंद पडला ते सांगा. पह्यले काय झालं, मंग काय झालं. लोकं मले कारण सांगतेत आन टाइम कोनीच सांगत नाही." पुढे मी नर्सिंगच्या नव्या मुलींना हेच शिकवत आले. पेशंटला काय झालं हे नातेवाईक घाईघाईने सांगतात. उलटी किती वाजता सुरू झाली, हे खोदून विचारावं लागतं.

भाऊ ढाणकीचे. पन्नाशीचे, काळेसावळे, अंगाने वाळलेले. जुन्या लुनावर पुढे हत्यारांची पिशवी आणि मागे दोरीने बांधलेली शिडी. तालुक्यातल्या जिनिंगांच्या ऑफिसांमधले सगळे एसी एकेकाळी त्यांच्याच हाताखालचे. पण ते कापसाचे पडते दिवस होते. एकीकडे बोंडअळी, दुसरीकडे भाव नाही. दोन जिनिंगांच्या फाटकांना कुलपं लागली आणि त्यांच्या खिडक्यांतली यंत्रं भाऊंनी स्वतःच्या हाताने उतरवून भंगारवाल्याच्या गाडीत ठेवली. त्याबद्दल ते जास्त बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "चालू मशीन होत्या सिस्टर. बंद पडलेली उतरवाले काही वाटत नाही."

आमचा एसी ज्याने बसवला त्याने भिंतीला भोक पाडून यंत्र अगदी सरळ, पाणसळीत ठोकून दिलं होतं. त्यामुळे पाणी बाहेर जाण्याऐवजी आत, तीन नंबरच्या गादीवर ठिबकायचं. आम्ही वर्षभर तिथे बादली ठेवत होतो. भाऊंनी यंत्र बाहेर ओढलं, पुढून लाकडी पाचर मारली, मागचा भाग बोटभर खाली केला आणि फटी सिमेंटने बुजवल्या. मागच्या जाळीत कापसाच्या रुईचं तूस घोंगडीसारखं बसलं होतं, ते दात घासायच्या ब्रशने दीड तास काढत बसले. काम झाल्यावर हात धुऊन भिंतीला टेकले आणि त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, लागून राह्यली का थंडी?" म्हातारा म्हणाला, "पायाले लागते." भाऊंनी पुन्हा शिडी लावली आणि वाऱ्याच्या पट्ट्या वर वळवल्या.

या वॉर्डात एसी ही चैन नव्हती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणी करणाऱ्या मजुराला नळी वर धरून मारावं लागे आणि औषध त्याच्याच तोंडावर, छातीवर उतरे. भादव्यात आमच्याकडे रोज दोन-तीन मजूर यायचे. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्या विषावरचं इंजेक्शन दिलं की घाम बंद होतो, अंग तव्यासारखं तापतं आणि माणूस भ्रमात जातो. भ्रमातली ती माणसं हवेत हात घालून काहीतरी वेचत राहायची. बोटांची पद्धत कापूस वेचायचीच, चिमटीत धरून ओढायची. पाहवत नसे. खोली थंड असली की त्यांचं अंग जरा उतरे, आणि खोली थंड ठेवणं भाऊंच्या हातात होतं. त्या हंगामात ते न बोलावताही आठवड्यातून एकदा येऊन जाळी धुऊन जायचे.

मग तो दिवस आला. सकाळी चार पेशंट एकदम आले होते. अकराच्या सुमारास एसी बंद पडला. मी पाहिलं, बटण दाबून बघितलं. वाटलं, व्होल्टेज कमी असेल, येईल. आधीच्या आठवड्यात डॉक्टरसाहेबांनी मला सुनावलं होतं, "जरा काही झालं की मिस्त्रीला फोन करू नका, सिस्टर." ते डोक्यात होतं, आणि हातात सलाईन होतं. फोन करायला दीड वाजला.

दोननंतर भाऊ आले. चपला काढल्या, आत आले. डॉक्टरसाहेब माझ्या शेजारीच उभे होते.

"कवा बंद पडला सिस्टर?"

"आत्ताच. अर्धा तास झाला असेल."

खोटं बोलले. डॉक्टरांना भिऊन बोलले की स्वतःलाच, ते मला आजही सांगता यायचं नाही. भाऊंनी शिडी लावली, पुढची जाळी काढली, यंत्र हातभर बाहेर ओढलं आणि कंप्रेसरवर तळहात ठेवला. अर्ध्या तासापूर्वी बंद पडलेला कंप्रेसर हाताला चटका देतो, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यांचा हात तिथे तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग शिडीवरूनच त्यांची नजर खाली तीन नंबरच्या खाटेवर गेली. तिथे तीस-पस्तिशीचा एक मजूर हवेत बोटं चालवत होता. परगावच्या मजुरांनी त्याला ऑटोत घालून आणलं होतं. त्याचा मोबाईल शेतातच राहिला होता. रजिस्टरमध्ये मी लिहिलं होतं, 'सुखदेव, ढाणकी.' आडनाव त्या लोकांना ठाऊक नव्हतं.

"सुख्या," भाऊ म्हणाले. पुन्हा म्हणाले, "सुख्या, अबे मी हाये."

तो त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याने ओळखलं नाही. डोळे सताड उघडे, आणि बोटं चालूच.

मला वाटलं, आता हे खाली उतरतील, रडतील. ते उतरले नाहीत. पक्कड मागितली. आतला, कंप्रेसर सुरू करून देणारा कपॅसिटर फुगून बाटलीच्या बुचासारखा वर आला होता. नवा त्यांच्या पिशवीत नव्हता, बाजारात मिळेल याची खात्री नव्हती. ते शिडी घेऊन सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि तिथला एसी उघडू लागले. डॉक्टर मागोमाग धावले. "अरे, हे काय करून राहिलात?"

"तुमचा काढून तिकडे लावून राह्यलो साहेब. रागवाचं असन तं मंग रागवा."

डॉक्टर रागावले नाहीत. दहा मिनिटांत वॉर्डातलं यंत्र घरघरलं आणि थंड वारा सुटला. तेव्हा कुठे भाऊ खाली उतरून भावाच्या खाटेवर बसले आणि त्याची ती चालणारी बोटं त्यांनी दोन्ही हातांत धरली.

संध्याकाळपर्यंत सुखदेवची बायको शांता आली. ती दुसऱ्या गावच्या शेतात निंदणाला गेली होती. तीन दिवस भाऊंनी आणि तिने त्याची खाट सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सुखदेव शुद्धीवर आला, चहा प्याला आणि म्हणाला, "दादा, तुही मशीन लय आवाज करते." भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना तसं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी सुखदेवला उशीवरून मान उचलायला सांगितली. त्याला ती उचलता येईना. या विषात असं होतं. माणूस बरा वाटतो आणि मग मानेचे, छातीचे स्नायू सुटत जातात. आमच्याकडे श्वासाचं यंत्र नव्हतं. यवतमाळला पाठवायचं ठरलं. अँब्युलन्समध्ये भाऊ पुढे बसले, शांता मागे. पुसदच्या अलीकडेच तो गेला.

डॉक्टरांनी मला नंतर दोनदा समजावलं की तो उकाड्याने गेला नाही, श्वासाने गेला. एसी अकरानंतर सुरू राहिला असता तरी हेच झालं असतं. मला ते पटतं. पुस्तकात तसंच आहे. तरी अकरा ते दीडचे ते अडीच तास माझ्याजवळच राहिले.

महिन्याभराने भाऊ केबिनमधल्या एसीत नवा कपॅसिटर टाकायला आले. काम आटोपल्यावर औषधांच्या खोलीत मी त्यांना चहा दिला आणि सांगून टाकलं. "भाऊ, त्या दिवशी एसी अकरालाच बंद पडला होता. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"मले मालूम हाये. कंप्रेसर थंडा होता."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कप खाली ठेवला. दारातून दिसणाऱ्या वॉर्डाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सिस्टर, त्यानं सकाळी मले फोन केलता. नऊ वाजता. म्हने, दादा, तोंडाले लय पानी सुटून राह्यलं, डोयापुढं धुकं धुकं दिसते. मी बिटरगावात एका मशीनवर होतो, हात गुतले होते. म्या म्हनलं, घरी जाय, आंग धू, झोप. या वॉर्डात म्या कितीक लोकं तसेच पाह्यले ना? तोंडातून पानी, डोयात धुकं. मले नाही समजाव? दुसऱ्या कोनाचा फोन असता तं समजलं असतं." पुढे म्हणाले, "तुमचे अडीच घंटे असतीन. माह्ये नऊपासूनचे हायेत."

उठताना ते म्हणाले, "शांतीले सांगू नोका. तुमचंबी नोका, माह्यंबी नोका. तिले वाटते आपन लय केलं. वाटू द्या."

त्या दिवाळीनंतर मी डॉक्टरांना गळ घालून शांताला दवाखान्यात आया म्हणून लावून घेतलं. दर भादव्यात ती त्याच वॉर्डात मजुरांची तोंडं पुसते, हवेतली बोटं धरून खाली ठेवते. आम्ही एका डब्यात जेवतो. मी तिला कधी काही सांगितलं नाही. भाऊही यायचे, कामापुरतं बोलायचे आणि जायचे. पुढे त्यांना दम लागू लागला, लुना सुटली, शिडी सुटली. रुईचं तूस इतकी वर्षं छातीत गेलं, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितल्याचं शांताकडून कळलं.

गेल्या माघात ते वारले. मी ढाणकीला गेले. घरापुढे पांढऱ्या कपड्यातली माणसं, आत बुद्धवंदना चालू होती. शांता माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. वंदना संपल्यावर हळूच म्हणाली, "सिस्टर, भाऊजीनं त्या दिवशी किती धावपळ केली होती व. एक मिन्ट वाया जाऊ देल्ला नाही."

मी म्हटलं, "हो."

ती म्हणाली, "आन तुमीबी."

मी तिचा हात धरून तशीच बसून राहिले.