कळंब्याच्या पाण्याला ताण नाही

हे सांगू की नको, असं बऱ्याचदा मनात आलंय. पण चहा आलाय, तुम्हीही बसलाय, तर घ्या ऐकून. मी एकदा अख्ख्या कोल्हापूरचं, म्हणजे कळंब्याच्या तळ्याचं, पाणी नापास केलं होतं.

बेलबॉटम नुकत्याच गावात आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मी बी.एस्सी.ला, आणि फिजिक्समध्ये एकदा गचकलेला. वडिलांनी साफ सांगितलं होतं, "औंदा गेलास तर थेट बिद्रीला, चुलत्याच्या गुऱ्हाळावर. चुलवाणात जाळ घालायला."

मग काय करतो? पृष्ठताणाची, म्हणजे आपल्या सरफेस टेन्शनची, सगळी गणितं घोटली. मोठा थेंब फुटून हजार बारके थेंब झाले तर ऊर्जा किती? साबणाच्या फुग्यात दाब किती? झोपेतून उठवून विचारा. पाण्याचा ताण बहात्तर, हा आकडा तर मला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ होता.

प्रॅक्टिकलच्या सकाळी आईनं धरून खाली बसवलं. आमच्या घरात परीक्षेला कोरड्या डोक्यानं कोणी जात नसे. वाटीभर खोबरेल टाळूवर ओतून ती थापत राहिली. "डोस्कं थंड ऱ्हायलं की गणितं आपसूक सुटत्यात." तेल कानामागून ओघळत होतं.

आणि प्रयोग आला तोही पृष्ठताणाचाच! मनात म्हटलं, जोतिबा पावला. काचेची केसासारखी बारीक नळी पाण्यात उभी करायची. पाणी आपोआप वर चढतं. किती चढलं ते मोजून गणित करायचं. मी केलं. उत्तर आलं चाळीस.

चाळीस? मी डोकं खाजवलं, नळी बदलली. परत तेच. केसांवरून हात फिरवला, पाणी बदललं, बोट घालून जरा ढवळलं. आता तर आणखी कमी. घाम फुटला, तोही हातानंच पुसला. डोळ्यांपुढे चुलवाण दिसायला लागलं.

लॅबचे मामा जवळ आले. "काय झालं रं?"

"मामा, पाणी खराब हाय."

"आरं, समदी पोरं ह्येच पाणी वापरत्यात की."

एवढ्यात बाहेरगावचे परीक्षक आले. मी छाती काढून सांगितलं, "सर, माझं गणित बरोबर आहे. कळंब्याच्या पाण्यालाच ताण नाही."

सरांच्या हातात त्याच पाण्याचा पेला होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली मागवली. मी नळी त्यात बुडवली. पाणी पुन्हा अर्ध्यातच थांबलं.

"बघा सर, बाटलीतसुद्धा कळंब्याचंच भरलंय."

मामा खवळले. "ए, म्या सवता भरलीया ती बाटली." पोरं आपापले प्रयोग सोडून आमच्याभोवती गोळा झाली.

सर शांतपणे म्हणाले, "एक तोंडी प्रश्न विचारतो. पाण्याचा पृष्ठताण कशानं कमी होतो?"

हा तर घोटलेला. मी ऐटीत केस मागे सारले आणि सुरू झालो, "तेलकट पदार्थानं, सर. तेलाचा एक थेंब पडला तरी पाण्यावर पातळ थर पसरतो आणि ताण कमी होतो. म्हणून प्रयोगाआधी नळी, भांडं आणि हात स्वच्छ…"

तिथं मी थांबलो. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मीही बघितलं. नळीवर माझ्या बोटांचे ठसे चकाकत होते.

"उत्तर अगदी बरोबर," सर म्हणाले. "आकडाही बरोबर असेल. फक्त द्रवाचं नाव 'पाणी' लिहिलंय, तेवढं दुरुस्त करा."

मी निमूट पुढे लिहिलं, 'आणि खोबरेल'. त्या प्रामाणिकपणावर सरांनी काठावर पास केलं, गुऱ्हाळ टळलं. मामा मात्र नंतर मला प्यायलासुद्धा पाणी देईनात.

घरी येऊन आईवर चिडलो. "तुझ्या तेलानं घात केला." तिनं सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. आई दोन वाट्या घेऊन बसलेली. "काल तेल कमी पडलं, म्हणून डोस्कं तापलं तुजं. ये, बस."

आणि तेलाचे सगळे दुष्परिणाम तोंडपाठ असलेला मी, मान खाली घालून बसलो की.