टोपलीखालचं पीठ

बायको गेली त्या दुपारी आम्ही दोघं सब्जा घातलेलं दूध प्यायलो. माझ्या ग्लासात साखर जास्त पडली म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, कडू तोंडाला तेवढी लागतेच. दिवेलागणीला बसल्या जागी मान टाकली. संपलं.

पुण्याहून मुलगी आली तोवर दुसरा दिवस उजाडला. ती तिथं प्रयोगशाळेत एक जेली बनवते. कापलेलं, झडलेलं मऊ मांस पुन्हा भरून यावं म्हणून. भिजल्या सब्ज्याभोवती कसं बुळबुळीत कवच येतं, तसंच ओलं जाळं आपल्या अंगात मांसाला धरून असतं. त्याची नक्कल करतो, म्हणते. मला एवढंच कळतं. मागं बायकोच्या छातीतली गाठ काढली, तेव्हा बाजूचं नखाएवढं चांगलं मांस तिनं स्वतःच्या राजीखुशीनं त्या जेलीसाठी दिलेलं.

दुपारी तापीवर अग्नी देऊन परतलो. आमच्यात माणूस जिथं गेलं तिथं पीठ पसरून टोपली झाकतात. घाटावरून आल्यावर उघडतात. पिठात ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेलं. उघडली. पीठ सपाट. मुंगीसुद्धा फिरली नव्हती.

माझी बहीण हळूच बोलली, “दादा, वहिनी गेलीच नाय.”

संध्याकाळी मी मुलीला विचारलं, ते मांस कुठंय. तिनं प्रयोगशाळेतून आलेला व्हिडिओ लावून मोबाईल पुढं केला. जेलीत लांबट ठिपके सरकत होते, मागं बारीक रेघा सोडत. पाखरू पिठातून चाललं की उमटतात तशा.

“हे कधीचं?”

“आज सकाळचं, अप्पा.”

सकाळी तिची आई अंगणात आडवी होती.

मुलगी म्हणे, या पेशी आहेत, आई नाही. असेल. मग पीठ कोरं का? बहीण म्हणे, अडकलीय बिचारी, बंद करायला लाव. मुलगी म्हणाली, उद्या त्यांना खाणं घालायचा दिवस आहे. नको असेल तर सकाळी सांगा, बंद करायला लावते. ठेवावं तर ती अडकणार. बंद करावं तर मीच तिला दुसऱ्यांदा अग्नी द्यायचा.

सकाळी मुलगी फोन घेऊन समोर उभी राहिली. मी विचारलं, खायला काय घालतात. पोषणाचं पाणी, म्हणाली, अंगाइतकं कोमट करून.

“घालायला सांग. उपाशी नको ठेवू.”

बहीण उठून आत गेली. शेजारून चहा आला होता. तिकडून ‘घातलं’ असा निरोप येईस्तोवर मी त्याला तोंड लावलं नाही.